न सोसलेल्या कळा

एरंडोलजवळच्या त्या गावात बाळंतिणीचं न्हाणं म्हणजे धुरपदाबाईच्याच हातचं! पाठ अशी रगडायची, कढत पाणी असं ओतायची की बाई डोळे मिटून तोंड वर करायची. "सुख लागस तिले," धुरपदाबाई ऐटीत म्हणायची. नियम मात्र कडक. बाळंतिणीला प्यायला पाणी घोटभरच, नाहीतर पोट सुटतं.

आणि ब्याण्णव साली तिच्याच पोटची पुष्पा जळगावच्या दवाखान्यात, पाठीत सुई टोचून घेऊन, हूं की चूं न करता बाळंत झाली. धुरपदाबाई हबकलीच. बिनकळांचं बाळंतपण? अगं बाई, हे बाळंतपण म्हणायचं की गंमत!

घरी आणल्यावर पुष्पा उठून बसली की डोकं धरून किंचाळायची. आडवी झाली की शांत.

"डोकं फुटी ऱ्हायनं व माय!"

"फुटीच! कळा सोस्यात नहीत, त्या बठ्ठ्या डोकामा चढी ग्यात."

मग काय, डोक्याला घट्ट फडकं, शेगडीचा शेक, दोन वेळा बसवून न्हाणं आणि पाणी आणखी कमी. शेजारणी तर तोंडावर म्हणाल्या, "झोपली की बरी, उठली की मरी. नखरे, दुसरं काय!" धुरपदाबाईलाही ते थोडं पटलं.

पाचवीला सटवाईपुढे बाळ घेऊन बसायलाच हवं. चौघींनी धरून पुष्पाला पाटावर बसवलं. ती भडाभडा ओकली आणि बाळासकट पुढे कोसळली. बाळ धुरपदाबाईनं वरच्या वर झेललं. नखरे करणारी बाई पोटचं पोर हातातून सोडते होय?

जीप करून जळगाव गाठलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सुई जरा जास्त आत गेली. मणक्यातलं पाणी झिरपतंय, म्हणून उठलं की डोकं ठणकतं. होतं असं कधी कधी, बरी होईल ती. सपाट झोपू द्या. आणि पाणी भरपूर पाजा. पाजताय ना?"

धुरपदाबाईनं पाण्याचा तांब्या पुष्पाच्या तोंडाशी धरला.

पुष्पानं पडल्या पडल्या तांब्याभर पाणी घटाघटा संपवलं. मग हळूच म्हणाली, "माय, न्हाणीमा तू तोंडवर पानी टाकस ना, तेच मी गिळी लेस."

धुरपदाबाईनं रिकामा तांब्या पुन्हा भरला. न्हाणीत तोंड वर करणाऱ्या गावच्या साऱ्या लेकीसुना तिच्या डोळ्यांपुढे आल्या.

"माय व," ती म्हणाली, "त्या बठ्ठ्या तहानेल्या व्हत्यात."