वहिवाट आढळून येत नाही

आमच्या शाळेतल्या मास्तरमंडळींना हल्ली चालायचं वेड लागलं आहे. दर रविवारी जालन्यातून गाड्या काढायच्या, भोकरदनच्या वरच्या डोंगरात जायचं, दोन तास चढायचं आणि फोटो काढायचे. "सर, तुम्ही तर तिकडचेच. एखादी पायवाट दाखवा की," असं मला म्हणतात. मी गुडघ्याचं कारण सांगतो. गुडघे ठणठणीत आहेत.

मला वाट एकच माहीत होती, आत्याची. आत्याचं शेत आणि दोन खोल्यांचं घर डोंगरावरच्या माळावर, गाव खाली पायथ्याला. आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं. सात वर्षं मी त्या वाटेनं शाळेला उतरलो आणि संध्याकाळी चढलो. आत्याची गिरणी, दवाखाना, बाजार सगळं त्याच वाटेनं. उतरायला अर्धा तास लागायचा. सडक सगळ्या डोंगराला वळसा घालून जाते. पायी दोन तास, आणि एसटी नाही. पावसाळा सरला की आत्या विळा घेऊन वाटेवरची घाणेरी छाटायची. मी वर पोचलो की दारातूनच विचारायची, "कोण्या वाटेनं आलास?" ओढ्याकडून उंडारत आलो असलो तर चिखलानं भरलेले पाय तिला दिसतच असायचे, तरी विचारायची.

पुढं पायथ्याची जमीन बाहेरच्या एकानं घेतली आणि वाटेवर तारेचं कुंपण घातलं. आत्या त्याच्याशी भांडली, मग तहसीलला अर्ज केला. वाटेची वहिवाट, म्हणजे लोकांची नेहमीची ये-जा, चालू असेल तर ती अडवता येत नाही, एवढं तिला कुणीतरी सांगितलं होतं. साक्षीदार म्हणून तिनं माझं नाव दिलं. "माझा भाचा सर हाय, त्याचं ऐकतेत," असं गावभर सांगत फिरली.

पाहणीच्या दिवशी मी नवी गाडी घेऊन गेलो. सडकेनं. तहसीलचे साहेब तरुण होते, बोलायला गोड. त्यांनी सहज विचारलं, "सर, ह्या वाटेनं शेवटचं कधी आल्ते?"

गावासमोर हा मला अजून पायपीट करणारा समजतो, याचा मला राग आला. मी हसून म्हणालो, "आता कोण चालून राह्यलंय साहेब? गाडी हाय ना. जालन्याहून निघालो की सडकेनं थेट दारात."

माणसं हसली. कुंपणवाला सगळ्यांत मोठ्यानं हसला. साहेबांनी मान खाली घालून लिहिलं, मी वळणदार सही केली. लांब कडुनिंबाखाली बसलेल्या आत्याला वाचता येत नाही. तिनं विचारलं, "काय लिव्हलं रे?"

"बराबर लिव्हलं," मी म्हणालो. तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं, हे जास्त लागतं.

निकालात होतं, 'वहिवाट आढळून येत नाही. अर्जदाराचे भाचे स्वतः सडकेचा वापर करतात.' हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. फक्त हात माझा आणि अवलक्षण तिचं. अपील करायला गेलो तर वकिलानं कागद वाचून माझ्याकडं असं पाहिलं, की मी कागद घडी करून उठलो. आत्याला निकाल मी वाचून दाखवला, शेवटचं वाक्य गाळून. गावानं तिला ते सांगितलं असणारच. असल्या गोष्टी गावाला पचत नाहीत.

आता ती दळणाचं गठुडं घेऊन सडकेला उभी राहते आणि फटफटीवाल्यांना हात करते. थांबले तर थांबले. मी कुंपणवाल्याला शिव्या घालायला जातो आणि मधेच विषय बदलतो.

महिन्यातून एकदा जातो. गाडीचा आवाज तिला पार वळणापासून ऐकू येतो, तरी दारातून विचारते, "कोण्या वाटेनं आलास?"

"सडकेनं," मी म्हणतो.

"बराबर," ती म्हणते आणि चहा ठेवायला आत जाते.