पिवळ्या टेकडीची उतरण

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्यांच्याबरोबर रोज सकाळी पळतो त्या मंडळींना तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? खरं सांगू — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. तुम्ही उद्या दुकानात येऊन माझ्या तोंडाकडे बघत बसणार नाही.

नातेपुत्यात माझं चष्म्याचं दुकान आहे. पण गावात माझी ओळख पळणारा माणूस अशीच. चाळिशीत शुगर निघाली, डॉक्टरांनी चालायला सांगितलं, मी पळायलाच लागलो आणि मग ते अंगातच शिरलं. हळूहळू मंडळी जमली. बँकेतले साहेब, दोन-तीन शिक्षक, एक मेडिकलवाला. डांबरी रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या अंगावर येतात, म्हणून डोंगरातल्या पायवाटा शोधायचं काम मी माझ्याकडे घेतलं. पिवळी टेकडी हा माझाच शोध. म्हणजे मेंढरं तिथं पिढ्यान्‌पिढ्या चरतायत, पण शोध माझा — बघा, किती सहज म्हणून गेलो!

वाट मात्र खरोखर देखणी आहे. पाऊस सरला की तरवड फुलतो आणि अख्खा उतार पिवळा होतो. माथ्यावर उभं राहिलं की एका अंगाला डोंगरांची रांग, दुसऱ्या अंगाला हिरवा ऊस. उतरताना कुसळं मोज्यात घुसतात, मुरमावरून पाय सरकतात, तरी थांबावंसं वाटत नाही. मी फोटो टाकले, मोबाइलवर वाट आखून दिली, तर अकलूज-फलटणहून लोक पळायला यायला लागले. मला कोण आनंद!

उतरणीच्या पायथ्याशी हिरामावशीची वस्ती. ती, तिचा मुलगा बिरा, मेंढरं आणि राखणीचा कुत्रा खंड्या. आम्ही पहिल्यांदा धडधडत उतरलो तेव्हा मावशीनं हात आडवा करून थांबवलं होतं.

“दादा, वरनंच हाळी देत जावा. मी कुत्र्याला हाक मारती, मग चालत या. पळत येऊ नगा. मेंढराकडं पळत येणारं त्येला लांडगंच वाटतंय.”

एवढंच तिचं मागणं. वरून एक आरोळी ठोकायची आणि वस्तीपुरतं चालायचं. मी तो आमचा नियमच करून टाकला. नुसता केला नाही, लोकांच्या माथी मारला. एकदा साहेब हाळी न देता उतरले, तर मी त्यांना परत माथ्यावर चढायला लावलं — सगळ्यांसमोर, वयानं मोठ्या माणसाला! शहाणपणा शिकवायची भारी हौस मला.

आता मुद्द्यावर यायला हवं. येतोय. जीभ रेटत नाही, त्याला मी काय करू?

आमच्यात एक तरुण शिक्षक नवीन आला होता. त्यानं पिवळ्या टेकडीवरची माझी वेळ मोडली. मनगटावरच्या घड्याळात वेळ नोंदली जाते, ती मोबाइलवर सगळ्यांना दिसते, आणि वर त्याचं नाव, खाली माझं. हसू येतं ना? मलाही येतं, पण तेव्हा नाही आलं. तेव्हा रात्रंदिवस तेच डोक्यात. माझी वाट, माझी टेकडी, आणि हा कालचा पोरगा! एका रविवारी मी सगळ्यांच्या पुढे सुटलो. माथ्यावर आलो. हाळी द्यायची तर थांबावं लागणार, मावशी हाक मारेपर्यंत वाट बघावी लागणार, वस्तीजवळ चालावं लागणार. घड्याळ थोडंच थांबतंय? मी नाही दिली हाळी. तसाच उतरलो.

खंड्या भुंकत वर आला. ज्या माणसानं सगळ्यांना बजावलं होतं की कुत्रं आलं तर जागच्या जागी उभं राहायचं, तो मी जीव मुठीत धरून आणखी जोरात पळालो. मागे वळून बघितलं, मुरमावरून पाय घसरला, आणि पडलो. हात अंगाखाली आला, कोपर खरचटलं. खंड्या जवळ आला. त्यानं माझं तोंड हुंगलं आणि शेजारी बसला.

बसला. बस, एवढंच केलं त्या कुत्र्यानं.

मावशी आणि बिरा मेंढरांना पाण्यावर घेऊन पलीकडे गेले होते, त्यांनी काहीच पाहिलं नाही. मागून मंडळी धावत आली. साहेबांनी विचारलं, “कुत्र्यानं पाडलं का हो?” मी ‘हो’ म्हणून मान हलवली. “चावलं पण?” मी परत मान हलवली. का? साहेबांना परत माथ्यावर चढवणारा मी, मला त्यांच्यासमोर ‘हाळी दिली नाही’ म्हणायचं नव्हतं. दुसरं काहीही कारण नाही. शोधून बघितलंय.

हात मोडला होता, प्लास्टर पडलं. दवाखान्यात खरचटलेलं कोपर दाखवलं आणि कुत्रं चावल्याची इंजेक्शनंसुद्धा घेतली! न चावलेल्या कुत्र्याची इंजेक्शनं, एकही न चुकवता. इतक्या नेटानं मी आयुष्यात दुसरं काही केल्याचं आठवत नाही.

मंडळींचा माझ्यावर जीव. ती थेट सरपंचांकडे गेली आणि सरपंचांनी मावशीला बोलावून ताकीद दिली — कुत्रा साखळीला बांधा, नाहीतर पोलिसात तक्रार जाईल. मावशीनं बांधला. हे मला कळलं. जाऊन सांगू म्हणालो. आधी प्लास्टर निघू दे म्हणालो. प्लास्टर निघालं, मग म्हणालो, आता इतक्या दिवसांनी कसं सांगायचं?

उन्हाळ्याच्या तोंडावर लांडगा मेंढरांत शिरला. बिरा बाजारात भेटला तेव्हा त्यानं सांगितलं. “गाभण मेंढरं मारली ओ दादा. आयनं बाटलीनं दूध पाजून वाढीवल्याली. खंड्या साखळी तोडाय बगत हुता, गळा सोलून निगालाय त्येचा.” तो हे सांगत होता, मला! आणि मी काय केलं? “अरेरे,” म्हणालो.

या गोष्टीचा मला इतका संताप येतो की कधीकधी पळता पळता मी स्वतःलाच शिव्या देतो, मोठ्यानं. मागचे हसतात. त्यांना वाटतं, चढ लागतोय म्हणून.

मागच्या रविवारी आम्ही पिवळ्या टेकडीवरून उतरलो. हल्ली हाळी कुणीच देत नाही — गरज काय? मंडळी पाणी प्यायला थांबली. मावशी माझ्याकडे आली. तिनं माझा हात हातात घेतला, उलटासुलटा करून बघितला.

“बरा झाला नव्हं? दादा, चुकलं आमचं. तुमी मोठ्या मनाचं, म्हणून पोलिसात न्हाई गेला.”

मी म्हणालो, “असू द्या मावशी. मुकं जनावर, त्याला काय कळतंय?”

म्हणजे मी तिला माफ केलं. मी! माझे शब्द कानावर पडत होते आणि तरी मी थांबलो नाही.

मग ती हळूच म्हणाली, “लांडगं परत यील, दादा. रातच्यापुरतं सोडला खंड्याला, तर चालंल का? तुमी व्हय म्हनला तरच सोडती.”

पलीकडे खंड्या बसला होता. गळ्याभोवती केस नव्हते, लाल कातडं दिसत होतं. रात्री तिथं आमच्यातलं काळं कुत्रंही पळायला जात नाही. नुसतं ‘सोडा’ म्हणायचं होतं. पण मागे साहेब उभे होते, तो तरुण शिक्षक उभा होता, आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. चावऱ्या कुत्र्याला हा सोडा कसं म्हणतो, असं त्यांना वाटलं असतं. एखाद्यानं विचारलं असतं.

“सध्या बांधलेलाच बरा, मावशी,” मी म्हणालो.

“बरं, दादा,” म्हणाली ती.