परबकाकांचा फोन आणि माझा मिस्ड कॉल

"तुम्ही आलात की वाजतो हो हा," परबकाका म्हणाले. "तुम्ही लिफ्टमध्ये शिरलात की याची वाचा बसते."

मुलुंडच्या त्या घरी मी पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा आलो होतो. मी इंटरनेट कंपनीचा टेक्निशियन. काकांचा जुना लँडलाइन नंबर आम्ही नेटवर आणला होता. राउटर, राउटरला एक छोटा डबा, डब्याला फोन. इथून बाहेर फोन झकास लागायचे. बाहेरून येणारे कधी वाजायचे, कधी नाही.

पहिल्या वेळी मी वायर बदलली. दुसऱ्या वेळी अख्खा फोन. दोन्ही वेळा टेस्टिंगला खणखणीत वाजला. मग तिकिटात, म्हणजे तक्रारीच्या नोंदीत, मी शहाण्यासारखं लिहिलं, 'लाइन ओके. कस्टमरला कमी ऐकू येतं.'

आज काकांनी मला खालच्या मजल्यावरच्या कुकरच्या शिट्ट्या मोजून सांगितल्या. म्हणजे कान शाबूत.

"पण काका, मोबाइल आहे ना तुमच्याकडे?"

"आहे. पण माझी आक्का कुडाळला असते, मोठी बहीण. सगळं विसरत चाललीय. मी फोन केला तर 'कोण तुम्ही' विचारते. दुपारी जेवल्यावर कधीकधी तिला मी आठवतो. मग स्वतः लावते. हा एकच नंबर पाठ आहे तिला. तिने लावला की मी तिचा बाबल्या. तिची सून सांगते, नुसती रिंग जात राहते. आक्काला वाटतं, मी रागावलो."

मी बॅग उघडायला घेतली.

"आधी चहा."

चहाबरोबर खाजं आलं. काका आक्काबद्दल बोलत राहिले. पाऊण तास गेला. घाईघाईत मी सरळ माझ्या मोबाइलवरून त्यांचा नंबर लावला. माझ्या कानात रिंग. टेबलावरचा फोन मुका.

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. मी नेहमी कस्टमरच्या फोनवरून स्वतःला मिस्ड कॉल द्यायचो आणि त्यावर उलट फोन करायचो. नंबर टाइप करायचा आळस, दुसरं काय. आता राउटर म्हणजे सोसायटीचा वॉचमन. आतून कोणी बाहेर पडलं की गेट थोडा वेळ उघडं ठेवतो, मग लावून घेतो. माझा मिस्ड कॉल गेट उघडायचा. त्यातून मीच आत शिरायचो आणि 'लाइन ओके' लिहायचो. आक्का बिचारी बंद गेटावरून परत.

सरांना फोन केला. "सर, लोचा माझ्या टेस्टिंगमध्ये आहे."

"दोन्ही तिकिटं तूच बंद केलीस ना रे? आणि ते कमी ऐकू येतं म्हणून?"

"ते मला, सर."

डब्यात एक सेटिंग असतं. दर अर्ध्या मिनिटाने 'मी घरात आहे' असं बाहेर कळवत राहायचं, म्हणजे गेट लागत नाही. ते बंद होतं, मी चालू केलं. मग फोनला हात न लावता आम्ही तासभर बसून राहिलो. मोबाइलवरून लावला. वाजला.

मी बॅग आवरत होतो तेवढ्यात तो पुन्हा वाजला. माझा मोबाइल खिशात होता. काकांनी दोन्ही हातांनी रिसीव्हर उचलला.

"खंय होतंस रे बाबल्या?" पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला.

"हंयच आसंय गो आक्का," काका म्हणाले. "हंयच आसंय."

मी चपला हातात घेऊन बाहेर आलो आणि दार हळूच ओढून घेतलं.

तिकीट बंद करताना बिघाडाचं कारण लिहावं लागतं. मी लिहिलं, 'टेक्निशियन.' नव्या लोकांना मी आता एवढंच सांगतो, येणारा फोन तपासायचा असेल तर आधी काही करू नका, नुसते बसा. हे शिकायला मला तीन फेऱ्या लागल्या.