उजेडवाल्यांच्या सत्काराला ओंकारला घेऊन

फाट्यावर आले तवा ऊन नुकतंच पसरायलं होतं. ओंकार कडंवर, खांद्याला पिशवी, पिशवीत भाकरी, ठेचा, लेकराची दुपटी आन पाण्याची बाटली. एकलीनं बीडला जायची माझी ही पयलीच खेप. लग्नाच्या आधी माय संगं असायची, मंग ओंकारचे पप्पा. आता दिवाळीपासून वाडीतले सगळे कोयते (ऊस तोडायला जाणारी जोडपी) कारखान्यावर गेलेत, ओंकारचे पप्पाबी गेलेत. लेकरू अंगावर पितंय म्हणून मी तेवढी मागं ऱ्हायले. वाडीत म्हातारी माणसं, कुत्री, मी आन माझी सासू. सासूला आमी मामी म्हणतो.

निघाले कावून ते सांगते. बीडच्या एका कॉलेजातली पोरंपोरी मागं आमच्या वाडीच्या शाळेत आलती. उजेडाचा अभ्यास करणाऱ्या पोरांचं एक मंडळ हाय, प्रकाश मंडळ, त्यातली. भिंगं आणलती, आरसे आणलते, लाल किरणाचं एक बारकं यंत्र आणलतं. बाटलीला भोक पाडून पाण्याची धार सोडली आन पलीकडून किरण मारला, तर उजेड धारेसंगं वाकून खाली बादलीत पडला. म्हातारी माणसंबी तोंड उघडं टाकून बघायली. त्यांची म्होरकी अश्विनी म्हणून हाय, तिनं ओंकारचा मोबाईलवर फोटो काढला. फोटो बघितला आन तिचं हसूच गेलं. उजव्या डोळ्यात लाल ठिपका दिसायलता, डाव्यात पांढराफेक. तिनं परत काढला, परत पांढराच.

"ताई, दोन्ही डोळ्यांतून उजेड सारखाच परत यायला पाहिजे," ती म्हणली. "हा डोळा डॉक्टरला दाखवा. घरी तुम्ही हातानं एक डोळा झाकून बघा, मग दुसरा. बाळ काय करतं ते बघा. आणि आमच्या मंडळाचा सत्कार आहे, लांबून मोठे सर येणार आहेत, त्या दिवशी बीडला या. मी स्वतः तुमच्यासोबत येते."

मामी म्हणल्या, "ह्या पोरींना काय कळतंय? घारा डोळा हाय लेकराचा. माझ्या बापाचाबी घाराच व्हता." ओंकारचे पप्पा फोनवर म्हणले, "पट्टा पडू दे (कारखाना बंद होऊ दे), आल्यावर बघू." आन डोळा झाकून बघायचं माझ्याच्यानं होईना. हात डोळ्यापशी न्यायचे आन माघारी घ्यायचे. मी मनात एकच धरलं, उजेडाचे मोठे सर म्हणजी डोळ्याचे सगळ्यात मोठे डॉक्टर. त्यांनी एकदा बघितलं की झालं.

काळीपिवळी आली, आधीच भरलेली. डायवर म्हणला, "बसा ताई, लेकराला मांडीवर घ्या, त्याला तिकीट न्हाई आन सीटबी न्हाई." सगळी हसली. मी ओंकारला मांडीवर घेतलं. गेवराईपर्यंत पुढं वाळूचा हायवा (टिपर) होता, त्याची धूळ सगळी आत. ओंकारच्या तोंडावर पदर धरून बसले.

गेवराईच्या स्टँडावर बीडची गाडी लागलेली होती. कंडक्टर म्हणला, "कुठं?" मी म्हणलं बीड. "एकट्याच?" त्यानं बायांचं अर्धं तिकीट फाडून दिलं, त्याला काय म्हणायचं नव्हतं, पण मला वाटलं आता ईचारतोय, घरी सांगून आलीस का म्हणून. मी सांगून आलते, पण मामी माझ्याकडं पाठ करून ज्वारी निवडत बसल्या होत्या, जा म्हणल्या न्हाई आन नको पण म्हणल्या न्हाई.

शेजारी एक म्हातारी येऊन बसली. नारायणगडाला दर्शनाला निघाली होती, बीडला उतरून दुसरी गाडी धरणार होती.

"कुणाची गं तू? आन एवढं लेकरू घिऊन एकली कुठं?"

"डोळा दाखवायला निघाले याचा."

तिनं ओंकारची हनुवटी धरून इकडं तिकडं केली. "मला तर दोन्ही चांगले दिसायलेत बया. पण माझाच एक गेलाय, मला काय ईचारतीस?" आन आपणच हसली. मंग म्हणली, "गडाला नवस बोल. आन डॉक्टरलाबी दाखव. देवाला काय त्याचा राग येत न्हाई."

मी तिला भाकरी दिली, तिनं मला गुळाचा खडा दिला. बाहेर पऱ्हाट्या उभ्या, कापूस येचून झालेल्या, पांढऱ्या चिंध्या लटकायल्यावानी. मधीच हिरवी ज्वारी. गढी गाव गेलं, टोलनाका गेला. म्हातारीला झोप लागली आन तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. मी हलले न्हाई. दिवाळीपासून माझ्या खांद्यावर कुणी मोठ्या माणसानं डोकं ठेवलंच नव्हतं, मला बरं वाटायलं.

बीडला उतरले तर ती गर्दीत निघून गेली. रिक्षावाला म्हणला, कोणतं कॉलेज? मला नाव काय ध्यानात येईना. मी म्हणलं, उजेडाचं कॉलेज.

"ताई, बीडात उजेडाचं कॉलेज असतं तर आमच्या गल्लीत अंधार कावून ऱ्हायला असता?"

त्यानं मला एका कॉलेजला सोडलं. तिथल्या वॉचमननं हाकललं, इथं कायबी कार्यक्रम न्हाई. दुसऱ्या कॉलेजला चालत गेले. ओंकार जड झालता, ऊन तापलं होतं, चपलेचा अंगठा तुटायला आलता. तिथं गेटवर रांगोळी होती, कमानीला फुगे होते, आन एका पोरीनं माझ्या कपाळाला गंध लावून ईचारलं, "कोणाचे पालक?" मी म्हणलं, ओंकारची माय. तिनं मला पालकांच्या खुर्च्यांत नेऊन बसवलं.

भोवती सगळ्या काठापदराच्या बाया. शेजारची म्हणली, "तुमची मुलगी कोणत्या वर्षाला?"

"मुलगा हाय. आठ महिन्याचा."

तिनं माझ्याकडं बघितलं, ओंकारकडं बघितलं, आन पलीकडच्या बाईसंगं बोलायली.

अश्विनी लांब, स्टेजवर. साडी नेसलेली, एकदम बाई दिसायली. मी हात वर केला, तिला दिसला न्हाई. एकजण माईकवर सांगायला लागला की देशातल्या लई कॉलेजांत अशी उजेडाच्या अभ्यासाची मंडळं असत्यात, त्यातली चांगलं काम करणारी निवडून त्यांचा मान करत्यात, आन औंदा त्यात आपल्या बीडचं मंडळ हाय. टाळ्या झाल्या. मीबी वाजवल्या, एका हातानं मांडीवर. मोठे सर पांढऱ्या केसांचे, साधेच. मी त्यांच्याकडंच बघत बसले. मनात सारखं घोकायले, सर, माझ्या लेकराचा डोळा बघा. सर, माझ्या लेकराचा डोळा बघा.

मंग दिवे घालवले. सन्मानाच्या आधी पोरं तो पाण्याचा खेळ करून दाखवणार होती. पडदे वढले, गच्च अंधार झाला, आन हिरवा किरण निघाला. धार वाकली तसा उजेड वाकला. सगळं सभागृह गप. ओंकार हिरव्याकडं बघून हसायला लागला, हात पुढं करायला लागला.

अंधारात मला कुणी बघायला नव्हतं. मी त्याचा डावा डोळा तळहातानं झाकला. तो हसतच ऱ्हायला, हात पुढं करतच ऱ्हायला. मंग तो हात काढून उजवा झाकला.

त्याचं हसू थांबलं. मान इकडं फिरवली, तिकडं फिरवली, माझा हात दोन्ही हातांनी ढकलला, आन मोठ्यानं किंचाळून रडायला लागला. मी हात काढला. हिरवा उजेड होता तिथंच होता.

"बाहेर न्या हो त्याला," मागून कुणीतरी म्हणलं. "प्रात्यक्षिक चाललंय." दिवे लागले. सगळी माझ्याकडं बघायली. स्टेजवरून सर म्हणले, "असू द्या, असू द्या. बाळ अंधाराला घाबरलं का?"

मी उभी ऱ्हायले. "घाबरलं न्हाई सर. त्याला एका डोळ्यानं दिसत न्हाई. मी आता झाकून बघितलं. तुमी बघा सर, तुमी उजेडाचे डॉक्टर, मी गेवराईच्या पल्याडून आले, माझ्या लेकराचा डोळा बघा." सगळं एका दमात बोलले आन मला रडू फुटलं.

सर स्टेजच्या कडंला आले, वाकले. "ताई, मी डोळ्यांचा डॉक्टर नाही. मी प्रकाशाचा अभ्यास करतो. मला डोळ्यातलं काही कळत नाही."

एवढ्या लांबून ज्यांच्यासाठी आले, त्यांना कळत न्हाई.

तवर अश्विनी साडी सावरत खाली पळत आली. कॉलेजातले एक सर म्हणले, "अगं, कार्यक्रम झाल्यावर जा की, आता तुलाच वर बोलवायचंय." ती म्हणली, "सर, दवाखान्यातली ओपीडी (रोजची तपासणी) दुपारी बंद होते. मी यांना शब्द दिला होता." आन माझी पिशवी तिनं घेतली.

गेटवर रिक्षाची वाट बघत होतो तवा आतून कर्ण्यावर आवाज आला, मंडळाच्या अध्यक्षा अश्विनी यांना विनंती. टाळ्या. परत विनंती. टाळ्या कमी झाल्या.

"तुझंच नाव घ्यायलेत. जा की," मी म्हणलं.

"दुसरं कुणीतरी घेईल. मानाची ढाल काय पळून चाललीय का?" पण ती मागं वळून बघत होती, मला दिसलं.

सरकारी दवाखान्यात तिनं मला चिठ्ठी काढून दिली, रांगेत बसवलं, आन तिचा फोन सारखा वाजायला लागला. मोठे सर निघायचेत, फोटो ऱ्हायलाय, अध्यक्ष पाहिजे. मीच म्हणलं जा. ती गेली तवा रांगेत माझ्या पुढं सगळी म्हातारी माणसं, डोळ्याला हिरवी कापडं लावलेली. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. ओंकार पिऊन झोपला. मला वाटलं उठावं आन पळून जावं. माझ्याशिवाय ह्या बीडात याचं कुणीच न्हाई, आन मला तर कायच कळत न्हाई.

डॉक्टरीणबाईंनी थेंब घातले, थांबवलं, मंग बॅटरीनं लई येळ बघितलं.

"डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. जन्मापासूनचा."

"मोतीबिंदू तर म्हाताऱ्याला होतो."

"बाळालाही होतो. संभाजीनगरला मोठ्या दवाखान्यात घेऊन जा, या आठवड्यातच. ऑपरेशन लागेल."

"मंग दिसल?"

त्यांनी खरं सांगितलं. "किती दिसेल ते आज सांगता येत नाही. उशीर झालाय. पण बाळाचा डोळा बघायला शिकत असतो, आणि हा डोळा अजून काही शिकलेलाच नाही. जितकं थांबाल तितकं त्याला शिकणं जमणार नाही. ऑपरेशननंतर चष्मा लागेल, चांगला डोळा रोज थोडा वेळ झाकून ठेवावा लागेल, बरीच वर्षं. तो रडेल. तुम्हाला जमेल का?"

मी म्हणलं, जमल.

पायऱ्यांवर बसून पप्पांना फोन लावला. मागं ट्रॅक्टरचा आवाज, मुकादमाची हाक. मी सगळं सांगितलं. ते म्हणले, "पट्टा पडायला अजून लई दिवस हायेत." मी म्हणलं, "डोळा पट्ट्याची वाट बघत न्हाई म्हणल्यात डॉक्टरीणबाई." मंग ते म्हणले, "संभाजीनगरला तू एकली जाशील?" मी म्हणलं, "जाईन." म्हणले, "लेकराला सांभाळून ने," आन आवाज भरून आला का फोनच खरखरला, कळलं न्हाई.

अश्विनी परत आली तवा मी स्टँडाकडं निघाले होते. तिनं डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी वाचली, संभाजीनगरच्या कुठल्या गाडीत बसायचं ते सांगितलं, तिच्या परीक्षा होत्या म्हणून येता येत न्हाई म्हणली, लई येळा म्हणली. मी म्हणलं, तू बघितलंस तेवढं लई झालं. तिच्या मंडळाला मान मिळाला तो कशासाठी, ते माईकवरच्याला नीट सांगता आलं न्हाई, मला आलं असतं, पण मला कुणी माईक दिला न्हाई.

परतीच्या गाडीत खिडकीपशी जागा मिळाली. शेजारची सीट रिकामीच. ओंकार जागा होता, जाणाऱ्या झाडांकडं बघायलता, उजव्या डोळ्यानं. आता मला कळत होतं, उजव्याच डोळ्यानं. आठ महिने तो माझ्या तोंडाकडं बघून हसत होता, तवाबी एकाच डोळ्यानं बघत होता, आन मी त्याच्या इतक्या जवळ असून मला ते ठावं नव्हतं. त्या गाडीत मला जेवढं एकलं वाटलं तेवढं वाडीतबी कधी वाटलं न्हाई.

घरी आले तर दिवस मावळतीला लागला होता. मामी उंबऱ्यातच होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी ओंकारला मांडीवर घेतलं, आन आपला तळहात त्याच्या उजव्या डोळ्यावर ठेवला. तो मान फिरवायला लागला, हात ढकलायला लागला, रडायला लागला. मामींनी हात झटकन काढला, त्याला छातीशी धरलं आन त्याच्या डोक्यावर तोंड टेकून तशाच बसल्या.

मंग म्हणल्या, "संभाजीनगरची पयली गाडी कवा असती गं? मीबी येते."

मी म्हणलं, "मला ठाव न्हाई मामी. फाट्यावर जाऊन ईचारू."