खाडीतल्या बाई

"कशावरून?"

हा बाईंचा लाडका शब्द. दूधवाला म्हणायचा, "बाई, थेंबभर पाणी नाही हो दुधात," की बाई पातेलं हातात धरून विचारायच्या, "कशावरून?" आवाजात भांडण नसायचं. त्यांना खरंच उत्तर हवं असायचं. मी एकदा म्हटलं, "आज पाऊस येणार." लगेच प्रश्न आला. मी म्हटलं, "घरमालकीणबाईंचे गुडघे दुखतायत." त्यावर थोडा विचार करून त्या म्हणाल्या, "हं. म्हणजे अगदीच निराधार नाही."

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. आपण हसतो आणि त्याच्यासमोर जरा जपून बोलतो.

ऐंशीच्या सुमारास आम्ही दोघी रत्नागिरीत एकाच कॉलेजात शिकवत होतो. मी मराठी, त्या प्राणिशास्त्र. राहायलाही एकाच घरात, शेजारशेजारच्या खोल्यांत. त्यांचं संशोधन खाडीतल्या शिंपल्यांवर चालायचं. ओहोटी लागली की गावातल्या बायका तिसऱ्या, म्हणजे खायचे छोटे शिंपले, काढायला चिखलात उतरत. साडी खोचून बाईही त्यांच्यात. एकदा त्या गुडघ्याच्या वर रुतल्या. काशी नावाच्या एकीने काखेत हात घालून त्यांना उपसून काढलं. "एवडी शिकलीस नि चालाय येत नाय गो बाय तुला," काशी म्हणाली. बाई ते कॉलेजात सगळ्यांना हसत सांगायच्या. पुढे काशीच्या मुलाचं लग्न झालं तेव्हा आम्ही दोघी जेवायला गेलो होतो. सून लाजरी होती, आम्हाला आग्रहाने वाढत होती.

मग खाडीच्या वरच्या अंगाला रसायनांचा कारखाना आला. सांडपाण्यावर देखरेख करायला त्यांना शास्त्रज्ञ हवा होता. बाईंनी कॉलेज सोडलं तेव्हा स्टाफरूममध्ये बरंच बोललं गेलं.

"बाहेरून ओरडून काय होतं?" त्या मला म्हणाल्या. "आत जाऊन बघते."

आत जाऊन त्यांनी पाणी शुद्ध करायची टाकी बांधून घेतली. पण मोठा पाऊस लागला की मॅनेजर ती टाळून पाणी सरळ खाडीत सोडायला लावायचा. बाई भांडल्या की हसून म्हणायचा, "मॅडम, समुद्र मोठा आहे." दोन-तीन पावसाळे त्यांनी असे काढले. मग दिल्लीहून बोलावणं आलं. कारखान्यांनी खाडीत काय सोडावं आणि किती, याचे नियम ठरवणाऱ्या सरकारी समितीचं ते काम होतं. "नियमच झाला तर कुणाशी भांडायला नको," असं म्हणत त्या ट्रंक भरत होत्या. इतक्या खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

त्यानंतरच्या पावसाळ्यात खाडीवर मेलेली मासळी तरंगली. चौकशीला सरकारी पथक आलं, त्यात बाई होत्या. सरकारी विश्रामगृह सोडून त्या माझ्याकडेच उतरल्या. पाण्याचे, चिखलाचे, तिसऱ्यांचे नमुने मुंबईला गेले. रिपोर्ट येईपर्यंत कुणी गावात काही बोलायचं नाही, असं पथकाच्या प्रमुखाने बजावलं होतं.

जेवताना मी विचारलं, "निदान तिसऱ्या खाऊ नका, एवढं तरी सांगाल ना काशीला, बाकीच्या बायकांना?"

"कशावरून सांगू? मासे मेले म्हणजे शिंपल्यात विष आहे असं होत नाही. उगाच बोलले आणि काही निघालं नाही, तर त्यांच्या तोंडचा घास मी काढल्यासारखं होईल. बाजारात त्यांच्या टोपलीला कुणी हात लावणार नाही."

मला ते पटलं. आजही त्यात चूक दाखवता येत नाही.

रिपोर्ट यायच्या आधी काशीची सून गेली. उलट्या, जुलाब, मग हातपाय गार. डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं. आदल्या दिवशी घरात तिसऱ्याच शिजल्या होत्या, पण त्या सगळ्यांनीच खाल्ल्या होत्या. शवविच्छेदन झालं नाही. तिला त्याच दिवशी स्मशानात पोचवलं. पुढे रिपोर्ट आला, त्यात शिंपल्यांत विष निघालं. ती त्यानेच गेली का, हे सांगायला आता काहीच उरलं नव्हतं.

बाई काशीकडे गेल्या, मी बरोबर होते. काशी ओटीवर बसली होती. वर न बघता म्हणाली, "बाय, तुला संशय व्हता?"

"होता."

"मग तवा का नाय बोललीस?"

परतीच्या वाटेवर बाई एवढंच म्हणाल्या, "ती कशाने गेली, मला कधीच कळणार नाही गं."

दिल्लीच्या बैठकीत त्यांनी कडक नियमाची मागणी केली. अध्यक्ष शांतपणे म्हणाले, एका मृत्यूवरून नियम होत नाही, आणि त्याचंही कारण सिद्ध नाही. आणखी अभ्यास करावा असं ठरलं. "मी त्यांच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं," बाई मला म्हणाल्या. तेव्हा त्या राजीनामा देऊन परत आल्या होत्या.

कॉलेजात त्या पुन्हा गेल्या नाहीत. ओहोटी लागली की खाडीवर जायच्या आणि चिखलात उभ्या राहून बायकांना सांगायच्या, "नका काढू. खाऊ नका." बायका त्यांना वळसा घालून पुढे जात. काही हसत. काशी हसायची नाही, बोलायचीही नाही. जाळ्यात मासळी उरली नव्हती, आणि घरी पोरं वाट बघत असायची. हे बाईंना कळत नव्हतं असं नाही. तरी त्या उभ्या राहायच्या. उन्हाने चेहरा करपला, पायांना चिखल्या झाल्या. मी थांबवायला गेले की म्हणायच्या, "तू जा. तुझा तास असेल."

एका सकाळी त्यांच्या खोलीचं दार उघडलं नाही. झोपेतच गेल्या होत्या.

त्यांचं सगळं उरकल्यावर मी खाडीवर गेले. ओहोटी होती, बायका चिखलात वाकल्या होत्या. काशीला हाक मारून सांगितलं. ती उठून उभी राहिली. बाकीच्याही उभ्या राहिल्या. काशीने टोपली पालथी केली, तिसऱ्या चिखलात पडल्या. एकेक करून सगळ्यांनीच टोपल्या पालथ्या केल्या आणि त्या रिकाम्या हातांनी घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला त्या पुन्हा उतरल्या.