न पाहिलेला सुरय

"खात्री नाही, लिहू नका," हे त्याचं पालुपद. समोर कावळा बसला असला तरी दुर्बीण लावल्याशिवाय तो त्याला कावळा म्हणायचा नाही. असा एखादा काटेकोर तुमच्याही ऑफिसात असेल. स्वतः सुखानं जगत नाही आणि दुसऱ्याला जगू देत नाही.

हार्बरफ्रंटच्या ऑफिसात तो माझ्या शेजारी बसायचा. मूळचा पुण्याचा, हे सांगायला नकोच. डिसेंबरच्या पावसात सिंगापूरचा पारा तेविसावर आला की हा कानटोपी घालून पासिर रिसच्या किनाऱ्यावर पक्षी बघायला हजर. म्हणे, "वारा बाधतो." तेवीस अंशांत!

तीन वर्षं त्याला एकच पक्षी हवा होता. अलास्काकडून इथं हिवाळा काढायला येणारा एक सुरय, लांब पंखांचा समुद्रपक्षी. तो भर समुद्रात, तरंगत्या लाकडावर बसतो. मी म्हणायचो, "अहो, पांढरा पक्षी तो पांढरा पक्षी. त्यात काय एवढं?"

मग त्याची नोकरी गेली. महिनाअखेरीस सिंगापुरात राहायचा पास संपणार. पक्षीवाल्यांची बोट निघणार होती, तीच शेवटची संधी. कीव येऊन मीही सोबत गेलो.

वारा, पाऊस, लाटा. तासाभरात माझं डोकं बादलीत. हा वाकून पिशवीत माझ्यासाठी आलेपाक शोधत होता, तेवढ्यात ओरडा झाला. त्यानं मान वर करेपर्यंत सुरय एका जहाजाआड गेला होता. पुन्हा दिसला नाही.

"नेव्हर माइंड लाह, सेम बोट, जस्ट टिक!" बोटीवरचा म्होरक्या म्हणाला. मी बादलीतून डोकं काढून पक्षीवाल्यांच्या फोनवरच्या सामायिक यादीत लगेच खूण केली. यानं केली नाही.

"मी पाहिला नाही," एवढंच म्हणाला आणि आलेपाकाची वडी माझ्या हातावर ठेवली. असा संताप आला मला! एवढा अडेलतट्टूपणा काय कामाचा?

तो पुण्याला गेल्यावर महिन्याभरानं त्याचा फोन आला.

"यादीत तुमचं नाव बघितलं. पंखाखालची काळी पट्टी दिसली का हो?"

"दिसली ना. स्वच्छ."

"कसा होता, सांगा ना."

मी कॉम्प्युटरवर त्या पक्ष्याचा फोटो उघडला आणि बघून बघून सांगत राहिलो. लाज वाटत होती, पण थांबता येईना.

शेवटी तो म्हणाला, "बरं झालं. आपल्यातल्या एकाला तरी दिसला."