बैल आडवा आला

दवाखान्यात स्ट्रेचरवर पडल्या पडल्या माझ्या नवऱ्यानं डॉक्टरला सांगितलं, "बैल आडवा आला, गाडी घसरली." कसला बैल न् कसलं काय! पंचमीला लेकीला माहेरी सोडायला व्याही स्वतः कार घेऊन आले होते. पाहुण्यांना फाट्यावर सामोरं जायचं म्हणून हे मोटारसायकल काढून बेंबळी गावाच्या पुढं गेले. परत येताना पुढं हे, मागं कार. वळणावर व्याह्यांनी मागून ठोकलं आणि ह्यांच्या मांडीचं हाड मोडलं. लेक कारच्या मागच्या सीटवर बसली होती. तिनं सगळं डोळ्यांनी बघितलं.

आमच्याकडं सोयऱ्यावर केस करत न्हाईत. लेक दिलेल्या घरावर तर न्हाईच न्हाई. दोन दिवसांनी दोन्ही गावची चार जाणती माणसं महादेवाच्या देवळात बसली. व्याह्यांनी आणि माझ्या थोरल्या दिरानं देवापुढचा बेल-भंडारा उचलून शपथ घेतली, की कुणीही ठाण्याची पायरी चढायची न्हाय. मी बाहेर पायरीवर बसून धुमसत होते, पण बाईला तिथं कोण विचारतंय? व्याही बाहेर आले आणि माझ्या पाया पडायला वाकले. "इहीणबाई, दवाखान्याचं मी बघतो," म्हणाले. पहिल्या ऑपरेशनचं त्यांनी बघितलंही, खोटं कशाला बोलू. पुढं त्यांचा फोन लागेना.

आमची पिठाची गिरणी आहे. दिवसभर उभं राहायचं काम. रॉड टाकलेल्या पायात पू झाला, तो काही हटेना. दिवाळी गेली, संक्रांत गेली, शिमगाही गेला, गिरणीचं कुलूप काही निघालं न्हाई. सोलापूरच्या डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं, दुसरं ऑपरेशन लवकर करा, न्हाईतर हा माणूस पुन्हा आपल्या पायावर उभा राहणार न्हाई. तेवढा खर्च आमच्या आवाक्यातला नव्हता. मग मी कुणालाच न विचारता धाराशिवला वकिलाकडं गेले.

वकिलानं पहिलंच विचारलं, "मावशी, कारचा विमा होता का?"

"होता की."

"मग भरपाई विमा कंपनीवर आली असती. एवढं कशाला लपवलं?"

मला हसावं का रडावं कळेना. पुढं तो म्हणाला, "आता दावा सहा महिन्यांच्या आत टाकायचा असतो. पूर्वी असं नव्हतं. तुमची मुदत उलटून गेलीय. त्यावर वरच्या कोर्टात वाद चालूय, म्हणून आपण टाकून बघू. पण दवाखान्याच्या कागदावर बैल आहे, ठाण्यात नोंद न्हाई. कार होती, चूक कारवाल्याची होती, हे सांगणारं तुमच्या मालकांशिवाय दुसरं कुणीतरी पाहिजे."

मी तशीच एसटीनं कळंबला व्याह्यांच्या दारात. म्हटलं, "दादा, बाकी काही मागत न्हाई. खरं तेवढं बोला."

त्यांनी आत बसवलं, चहा पुढं ठेवला. मग म्हणाले, "माझं लायसन संपलेलं होतं. कंपनी तुमाला देईल आन् समदं माझ्याकडनं वसूल करील. मला वकिलानं तवाच सांगितलंय."

तवाच! म्हणजे माझ्या पायाशी वाकला तेव्हा ह्या माणसाला सगळं ठाऊक होतं.

"बेल-भंडारा उचललाय, इहीणबाई," ते म्हणाले.

"लायसन संपलेलं हाय, ते सांगितलं होतं का देवाला?" मी म्हटलं आणि समोरचा चहा तसाच टाकून उठले.

घरी येऊन ह्यांच्यावर तोंड सोडलं. तुम्ही भित्रे, तुमचा भाऊ भित्रा, देवळात बसलेली ती सगळी माणसं भित्री. हे म्हणाले, "मला कळत न्हाय व्हय? लेक त्या घरात ऱ्हाती." आणि भिंतीकडं तोंड करून पडले.

आठवड्याभरानं लेक एकटीच एसटीनं आली. सातवा महिना चालू होता तिला. आल्या आल्या वडलांच्या पायाची पट्टी बदलली, हात धुतले आणि चुलीपाशी माझ्याजवळ येऊन बसली.

"आई, सासऱ्यांनी सांगितलं तू आलतीस ते. मी सांगते कोर्टात. मी बघितलंय. वकिलाकडं कवा जायचं?"

इतके महिने मी हेच मागत होते, कुणीतरी तोंड उघडावं. ती समोर बसली होती, दोन्ही हात पोटावर ठेवून. कोर्टातनं परत कुठल्या घरी जाईल ही? बाहेरच्या खोलीत हे भिंत धरून उठायला बघत होते, ते धप्पकन खाली बसल्याचा आवाज आला.

"आई, बोल की."

"तू काय बघणार गं," मी म्हटलं. "तू तर मागं झोपली होतीस."

तिनं बाहेरच्या खोलीकडं बघितलं, मग माझ्याकडं. मग मान खाली घालून म्हणाली, "व्हय. झोपले होते."